खलनायकांचा डाव: 'वे ऑफ द विकेड' खेळवण्याआधी

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन कथा खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात दुष्टांची पार्टी, म्हणजे खलनायक पात्रांची टोळी, खेळायची म्हटलं की बहुतेक टेबलांवर एकच गोष्ट घडते. चोर पहिल्याच सेशनला साथीदाराचा खिसा कापतो, जादूगार त्याला झोपेत जाळायला निघतो, आणि तिसऱ्या रविवारी कुणी येतच नाही. खापर फुटतं खेळाडूंवर, पण खरी अडचण अशी की नायकांना एकत्र यायला 'गाव वाचवायचं' एवढं कारण पुरतं आणि खलनायकांना तसं कारण कुणी दिलेलंच नसतं. फायर माउंटन गेम्सची 'वे ऑफ द विकेड' ही सहा भागांची मोहीम नेमकं हेच कारण हातात देते. २०१२च्या सुमारास पहिला भाग आला. नियम पाथफाइंडर या रोल-प्लेइंग खेळाच्या पहिल्या आवृत्तीचे, प्रवास पात्रांच्या ताकदीच्या पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत.

हे परीक्षण गेम मास्टरसाठी, म्हणजे कथा सांगून डाव चालवणाऱ्यासाठी आहे. खेळाडू म्हणून बसणार असाल तर इथेच थांबा, कारण पुढे कथानक उघडं होतं.

सुरुवात ब्रँडरस्कार तुरुंगात होते. प्रत्येक पात्र गुन्हेगार आहे, अंगावर डाग दिलेला आहे आणि तीन दिवसांनी शिक्षा अमलात येणार आहे. पात्र बनवतानाच खेळाडूने आपला गुन्हा निवडायचा असतो. ही एक कृती पाच पानी पार्श्वभूमीचं काम करते, म्हणून ती घाईत उरकू नका. मग एक बाई भेटायला येते आणि एक ओढणी देऊन जाते. ओढणीवर वस्तूंची चित्रं भरलेली असतात. चित्र उपटलं की ती वस्तू खरी होऊन हातात येते.

इथे नवे गेम मास्टर हमखास अडकतात. कुलूप उघडायला एकेक फासा टाकायला लावतात, चारदा हुकतं आणि सगळे कोठडीतच बसून राहतात. हुकल्याने नुकसान नसेल तर 'टेक २०' घेऊ द्या, म्हणजे वीस प्रयत्नांचा वेळ मोजून फासा न टाकताच २० पडले असं धरा. कुलूप उघडायला एक फेरी, म्हणजे ६ सेकंद लागतात. वीस प्रयत्नांना दोन मिनिटं. पहारेकऱ्याची फेरी किती वेळाने येते हे आधी ठरवून ठेवलं की ताण त्या दोन मिनिटांत येतो, फाशावर अवलंबून राहत नाही.

सुटका झाल्यावर असमोडियस या नरकाधिपतीचा पुजारी कार्डिनल थॉर्न भेटतो आणि त्याच्या नावाने करार करून घेतो. मोहिमेचा कणा हाच. दुष्ट असा, पण शब्दाला बांधलेले असा. एकमेकांवर हात उचलायचा नाही, कारण वर मालक आहे आणि त्याच्याकडे सही आहे. हा प्रसंग इंग्रजीतून वाचून दाखवू नका. आपल्याकडच्या दस्तऐवजाची भाषा यासाठी जणू तयारच आहे: 'लिहून घेणार: असमोडियस, नरकाधिपती. लिहून देणार: खाली सही करणार इसम. कारणे करारपत्र लिहून देतो की, मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणास बळी न पडता...' कचेरीत खरेदीखत वाचताना ऐकू येणारा हा सूर टेबलावर ऐकला की सगळे गप्प होतात. जाड कागदावर छापा, प्रत्येकाला आपापलं कलम मोठ्याने वाचायला लावा, पात्राच्या नावाने सही घ्या. कागद पडद्यामागे जपून ठेवा. पुढे कुणी साथीदारावर उलटायला लागला की तोच कागद त्याच्यासमोर ठेवायचा.

पात्रांची प्रवृत्ती 'लॉफुल ईव्हिल' (दुष्ट, पण नियम पाळणारी) असली की ही रचना चोख बसते. 'न्यूट्रल ईव्हिल' (फक्त स्वतःचं बघणारी) चालवून घेता येतं. 'केऑटिक ईव्हिल' (कुठलाच नियम न मानणारी) मागणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

आता नियमांची बाजू. लोक इथेच कमी तयारीनिशी बसतात. पहिली अडचण उपचारांची. चांगला क्लेरिक, म्हणजे देवाचा मंत्र टाकणारा पुजारी, ऊर्जा सोडून सगळ्या पार्टीच्या जखमा भरतो. दुष्ट क्लेरिकची ऊर्जा ऋण असते, ती जिवंत माणसाला जखमी करते. शिवाय त्याला तयार मंत्र ऐनवेळी 'क्युअर'मध्ये (जखम भरणाऱ्या मंत्रात) बदलता येत नाहीत, फक्त 'इन्फ्लिक्ट'मध्ये (जखम करणाऱ्या मंत्रात) येतात. 'क्युअर' हवं असेल तर सकाळीच जागा राखून तयार करायचं. त्यामुळे 'क्युअर लाइट वूंड्स' मंत्राची, ७५० सोन्याच्या नाण्यांची, ५० वेळा चालणारी कांडी ही पार्टीची पहिली सामाईक खरेदी असायला हवी. हा मंत्र एका वेळी १ ते ८ अधिक १, म्हणजे सरासरी साडेपाच हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) भरून काढतो. 'इन्फर्नल हीलिंग' हा दुसरा मंत्र दहा फेऱ्यांत पूर्ण दहा देतो, कांडीची किंमत तीच. लढाईत ते कामाचं नाही, कारण मिनिटभर थांबावं लागतं. लढाईनंतर मात्र जवळपास दुप्पट फायदा. हा मंत्र वेगळ्या पुस्तकातला आहे, तेव्हा चालेल की नाही ते आधीच सांगून टाका.

दुसरी अडचण पॅलडिनची, म्हणजे धर्मासाठी लढणाऱ्या सज्जन योद्ध्याची. नायकांच्या मोहिमेत पॅलडिनचं 'स्माइट' (दुष्टांवरचा खास वार) काही शत्रूंवरच चालतं. इथे तुमची अख्खी पार्टी त्याच्या टप्प्यात येते. हल्ल्यावर त्याचा करिश्मा बोनस, नुकसानावर त्याची लेव्हल, वर डॅमेज रिडक्शन (वाराचं नुकसान कमी करणारं संरक्षण) भेदलं जातं. छापील पॅलडिन दुबळा वाटला म्हणून त्याची लेव्हल वाढवू नका. दुष्टता ओळखण्याचा मंत्र मात्र वाटतो तेवढा घातक नाही: ५ हिट डाइसच्या (साधारण पाचव्या लेव्हलच्या) खालचा साधा दुष्ट योद्धा त्यात दिसतच नाही, दुष्ट देवाचा क्लेरिक पहिल्या लेव्हललाही दिसतो. म्हणून वस्तीत वावरताना क्लेरिकला मागे ठेवायचं, किंवा प्रवृत्ती लपवणारा 'अनडिटेक्टेबल अलाइनमेंट' मंत्र टाकून न्यायचं. तो २४ तास टिकतो.

पहिल्या भागाचं मुख्य काम म्हणजे बॅलेंटाइन हा सीमेवरचा किल्ला आतून पोखरायचा, म्हणजे पलीकडच्या टोळ्यांना वाट मोकळी होईल. कोगनोळी नाक्यावर अडकून पडलेल्या निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला एका चौकीच्या हातात किती सत्ता असते हे वेगळं सांगावं लागत नाही. किल्ल्यातली माणसं नीट रंगवलेली आहेत. प्रत्येकाची सवय, भांडण, कमजोरी दिली आहे. तलवार न काढता किल्ला पाडणारी पार्टी सगळ्यात रंगते, म्हणून आठ-दहा पात्रांची नावं आणि प्रत्येकाची एक कमजोरी एका कागदावर काढून ठेवा.

दुसरा भाग मला सगळ्यांत धाडसी वाटतो आणि चालवायला सगळ्यांत जड. विधी पूर्ण होईपर्यंत पार्टीने एक जागा २२२ दिवस राखायची असते आणि नायकांच्या टोळ्या त्यांच्यावर चालून येतात. अंधारकोठडीतले राक्षस तुम्ही, दार फोडणारे ते. इथेच चेलेचपाटे पोसण्याचे नियम येतात. दिवसादिवसाने मोजलं तर डाव रांगतो. आठवड्याच्या हिशेबाने साधारण ३२ चाली होतात. भिंतीवर कॅलेंडर लावून हल्ल्यांच्या तारखा आधीच, खेळाडूंना न दिसतील अशा, लिहून ठेवा. मधले निवांत आठवडे दोन वाक्यांत संपवा.

नकाशे सुंदर आहेत, पण गडद. काळ्या-पांढऱ्या छपाईत भिंत आणि सावली एक होतात, म्हणून झेरॉक्सवाल्याला फिकट काढायला सांगा. एक इंच म्हणजे ५ फूट या मापाने ए-फोर कागदावर जेमतेम ४० बाय ५५ फूट बसतं. मोठ्या दालनांना ए-थ्री घ्या. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात साधा कागद दोन दिवसांत गुंडाळतो. लॅमिनेशन करा, वर मार्करने लिहून पुसताही येतं.

पुस्तकं प्रौढांसाठी आहेत. क्रौर्य आहे आणि ते पानावर आहे. पहिला फासा पडण्याआधी काय नको याची यादी सगळ्यांकडून घ्या आणि टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेवा; कुणीही हात लावला की कारण न विचारता प्रसंग तिथेच सोडायचा. छळाचे प्रसंग एका फाशावर, पडद्याआड. आपल्या भागासाठी आणखी एक: टिळकवाडीत काय, शहापुरात काय, एका टेबलावर मराठी आणि कन्नड बोलणारे शेजारी बसतात. कथेतल्या राज्याला, टोळीला किंवा बळी पडणाऱ्या गावाला खऱ्या भाषेचा, जातीचा, सीमावादाचा रंग देऊ नका. पात्रं दुष्ट आहेत म्हणून ती सवलत मिळत नाही.

अभिनयाबद्दल एवढंच सांगेन की निळू फुले आठवा. त्यांच्या पाटलाला ओरडावं लागत नसे. थॉर्नचा आवाज तसाच खाली ठेवा, वाक्यं छोटी ठेवा, आणि धमकी कधीही पूर्ण करू नका.

सहाही भाग एकदम घेऊ नका. पहिल्या भागाची पीडीएफ घ्या, नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या वेबसाइटवर फुकट आहेत, चार खेळाडू जमवा. बॅलेंटाइन पडेपर्यंत करारावरच्या चारही सह्या शाबूत राहिल्या तर दुसरा भाग मागवा.