मुलांसाठी पहिली फँटसी कादंबरी: प्रकाशक, स्वतःचा छापखाना की मोबाइल?

कादंबरी लिहून झालीये किंवा होत आलीये, वाचक साधारण ११ ते १४ वर्षांचे, जादू आहे, नकाशा आहे, तीन भागांचा प्लॅनपण डोक्यात आहे. आता ती काढायची कुठून? मराठीत सध्या तीनच वाटा आहेत. प्रकाशकाला द्यायची, स्वतः पैसे घालून छापायची, नाहीतर मोबाइलवर, म्हणजे प्रतिलिपी (गोष्टी लिहायचं-वाचायचं अॅप) किंवा किंडलवर (अमेझॉनची ई-बुकं) टाकायची. सगळे हे रॉयल्टीच्या (विक्रीतल्या लेखकाच्या वाट्याच्या) टक्क्यांवरून ठरवतात, मला विचाराल तर आधी हे बघा की पुस्तक पोराच्या हातात देणार कोण. कारण या वयाचं पोरगं स्वतः मराठी पुस्तक विकत घेत नाही, आई घेते, मावशी वाढदिवसाला देते, शाळेची लायब्ररी घेते किंवा गल्लीतलं वाचनालय.

हे एकदा मान्य केलं की ऑनलाइनचा निकाल पटकन लागतो. प्रतिलिपी २०१४ पासून आहे, मराठीत वाचक भरपूर, पैसे लागत नाहीत, रोज एक भाग टाका आणि खाली लगेच कमेंट. पण तिथं चालतात त्या प्रेमकथा, कौटुंबिक मालिका, भुताच्या गोष्टी, वाचक मोठी माणसं आहेत. सहावीतल्या पोराच्या हातात फोन आला तर तो गेम उघडेल हो, तुमचा बारावा भाग नाही. किंडलचंही तेच, अकाउंट आईबाबांचं. आणि केडीपीवर (किंडलवर स्वतःचं पुस्तक टाकायची अमेझॉनची सेवा) मराठीचं फक्त ई-बुक निघतं, पेपरबॅक नाही. ७० टक्के रॉयल्टी दिसते खरी, पण भारतातल्या विक्रीवर ती हवी असेल तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्याच योजनेत जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठंही ठेवता येत नाही, प्रतिलिपीवरचे भागसुद्धा काढावे लागतात. शिवाय अख्खी कादंबरी आधीच नेटवर फुकट पडलेली असेल तर बरेच प्रकाशक हात लावत नाहीत. तुमचे वाचक १८च्या पुढचे असते तर मी वेगळं बोलले असते.

आता स्वतः छापणं. यात दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करतात. एक म्हणजे पॅकेजवाले, "अमुक हजार भरा, लेखक व्हा". पॅकेजात काय मिळेल त्या यादीत आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, जणू फार मोठं काही देतायत. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, दिल्लीची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःच्या नावानेही करू शकतो. उलट पॅकेजवाल्याचा नंबर घेतला तर नोंदीत प्रकाशक म्हणून तो लागतो. पॅकेज मी कोणालाच सुचवणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खरंच स्वतः छापणं: संपादक गाठायचा, चित्रकार गाठायचा, डीटीपी (कंप्युटरवर पानं लावणं), दोन वेळा मुद्रितशोधन, मग प्रेस. इथं हिशोब मांडून बघा. ४० हजार शब्दांची कादंबरी डेमी (कादंबऱ्यांच्या नेहमीच्या) आकारात, मुलांना वाचता येईल अशा टायपात, पानाला २५० शब्द धरले तर १६० पानं. ३०० प्रती डिजिटल प्रेसवर छापल्या, छापील किंमत २५० ठेवली. वितरक-विक्रेत्याला ४० टक्के दिले तर हातात १५०, छपाईला समजा ९० गेले, उरले ६०. सगळ्या ३०० विकल्या तरी १८ हजार, त्यात संपादक, कव्हर, आतली चित्रं आणि कुरिअर बसवायचंय. बसत नाही. पण त्याच प्रती तुम्ही शाळेत जाऊन, गोष्ट सांगून, २०० रुपयाला थेट विकल्यात तर प्रतीमागे ११० उरतात. म्हणून ही वाट अशा माणसाची जो शिक्षक आहे, बालनाट्य शिबिरं घेतो, ज्याला चार शाळांचे मुख्याध्यापक नावानं ओळखतात. नसेल तसं तर खोकी पलंगाखाली जातात. (हो, आणि स्वतः छापलंत म्हणजे प्रकाशक तुम्ही, तेव्हा १९५४च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रती पाठवणं तुमच्यावर येतं, हे कोणी सांगत नाही.)

डीटीपीबद्दल एक. तुम्ही टाइप केलंय युनिकोडमध्ये, आणि अजून बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीपासूनच्या फाँटमध्ये) काम करतो. रूपांतर करताना दऱ्या, वाऱ्या, ऱ्हास इथला ऱ तुटतो, जोडाक्षरं विस्कटतात, आणि फँटसीत तर तुम्ही बनवलेली नावं असतात, प्रूफवाल्याला कळणार कसं की बरोबर काय. नावांची यादी वेगळी करून द्या. खरं तर ती यादी लिहितानाच करा आणि इंग्रजी मीडियममधल्या एखाद्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या, तीन जोडाक्षरांचा राजा असेल तर तो तिसऱ्या पानावरच अडखळतो आणि पुस्तक मिटतं.

आणि प्रकाशक. मुलांच्या पुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशनाचं नाव सगळ्यांनाच माहीत असतं, राजहंस, रोहन हेही आहेत, पण पाठवण्याआधी त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांची बालकुमार पुस्तकं दुकानात जाऊन चाळा, चित्रांची पुस्तकं काढणारा वेगळा आणि जाड कादंबरी काढणारा वेगळा. उत्तराला सहा महिने सहज जातात. रॉयल्टी बहुधा १० टक्क्यांच्या आसपास, पूर्वी हजार-अकराशेची आवृत्ती असायची, आता ५०० किंवा त्याहून कमी. म्हणजे २५०च्या पुस्तकावर प्रतीला २५, आवृत्ती संपली तर साडेबारा हजार. पैसे कमीच. पण संपादन, चित्रं, कागद यांचा खर्च त्यांचा, पुस्तक प्रदर्शनात लागतं, वाचनालयांकडे जातं, ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठी पाठवलं जातं. जिथून मावशी पुस्तक उचलते तिथं ते असतं. वाट बघायची तयारी असेल तर माझं मत इकडेच.

फक्त करार वाचा, फँटसीवाल्यांनी तर दोनदा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम लेखकाच्या बरंच बाजूचं आहे: हक्क द्यायचे तर लेखी आणि सही करून, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. या शेवटच्या "वेगळं लिहिलेलं नसेल तर" मध्येच सगळी गंमत असते. "सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी" असं वाक्य दिसलं की थांबा. ऑडिओ, अनुवाद, वेबसिरीज हे प्रत्येक वेगळं लिहून घ्या. दुसरा-तिसरा भाग आधी त्यांनाच दाखवायचा, ही अट मान्य करायला हरकत नाही, पण किती दिवसांत हो-नाही सांगायचं ते लिहा, नाहीतर पहिला भाग आउट ऑफ प्रिंट आणि दुसरा अडकलेला, आणि तोवर तुमचे वाचक कॉलेजात गेलेले. चित्रकाराशीही लेखी ठरवा, नकाशा आणि कव्हर दुसऱ्या भागात वापरायचं असतं.

वाट बघण्याच्या काळात त्याच दुनियेतली एखादी सुटी गोष्ट 'किशोर'ला पाठवता येते, बालभारतीचं मासिक, १९७१ पासून चालू आहे, किंवा मुलांच्या दिवाळी अंकांना, त्यांचं साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीलाच गोळा होतं तेव्हा गणपतीत जागे होऊ नका. अशी गोष्ट छापून आली की प्रकाशकाला पाठवायच्या पत्रात एक ओळ वाढते, आणि ती मुलांनी वाचलेली असते.

आणि घाईत छापायला निघाला असाल तर त्याआधी हे बघा: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं, त्यात कादंबरी येते, बालवाङ्मयही येतं. पहिल्या पुस्तकालाच. स्वतः १०० प्रती काढून मोकळे झालात की तो अर्ज तुमच्यासाठी बंद, म्हणून त्या वर्षाचे नियम आणि तारखा मंडळाच्या जाहिरातीत आधी वाचा, प्रेसला अॅडव्हान्स नंतर द्या.