कॅन्टोनीज क्लास, डॉक्टरकडं जाण्यापुरता: साडेतीन स्टार

लेक-जावई हाँगकाँगला, तिथं कॅन्टोनीज बोलतात, नातू दीड वर्षाचा, आणि मी चार महिने तिकडं जाणार म्हणून सांगलीत बसून हा ऑनलाइन क्लास लावला. डॉक्टर इंग्लिश बोलतात हो तिकडं, पण औषधाच्या खिडकीतली बाई, टॅक्सीवाला, लिफ्टमधली शेजारीण यांच्याशी काय खुणांनी बोलायचं?

शब्द एकदम कामाचे दिलेत. थुंग म्हणजे दुखतंय, थाउ थुंग डोकं दुखतंय, फात सिउ ताप, आणि खोकल्याला चक्क खात! इंजेक्शन ता चाम, त्यातला च आपल्या चमच्यातला. औषध 'खायचं'च असतं, सिक योक, आपण गोळी खाल्ली म्हणतो तसं.

राग आला तो पीडीएफचा. सगळं इंग्लिश अक्षरांत, त्यात डी लिहिलाय तिथं उच्चार त, टी लिहिलाय तिथं थ. सर प्रत्येकाला तोंडासमोर कागद धरायला लावून थ म्हणताना सुटणारी फुंकर दाखवत होते, बाकीच्यांचा अर्धा तास त्यातच गेला, मला मराठीमुळं पहिल्या फटक्यात जमलं. मग मी वहीत सगळं देवनागरीतच उतरवलं, तुम्हीपण तेच करा.

सूर मात्र सहा आहेत आणि तिथं देवनागरी काही कामाची नाही. पोटाला थोउ, पण खालून जरा उचलून म्हणायचं, सपाट म्हटलं की ससा होतो. मी आठवडाभर 'ससा दुखतोय' म्हणत होते, घरात सगळे हसून बेजार.

सगळ्यात भारी शब्द यित हेइ, म्हणजे आपली उष्णता! तळलेलं, लिची फार खाल्लं की यित हेइ, तोंड येतं, घसा बसतो, मग कडू काढ्यासारखा ल्यंग छा प्यायचा. मी सरांना भडंग समजावून सांगितला, लसूण तिखट शेंगदाणे सगळं, ते म्हणाले पक्कं यित हेइ. एवढ्या मजेच्या विषयाला पाच मिनिटं आणि नंबर मोजायला अख्खा तास, हे काही पटलं नाही. आणि तिथल्या सरकारी हॉस्पिटलात हिंदी दुभाषी मागता येतो हे मला जावयानं सांगितलं, क्लासात कुणी बोललं नाही.

घड्याळ तिकडं अडीच तास पुढं, त्यामुळं त्यांचा रात्री नऊचा क्लास आपल्याकडं साडेसहाला, नेमका कुकर लावायच्या वेळी. रेकॉर्डिंग सात दिवसांत उडतं, तेवढ्यात उतरवून घ्या.