नव्या टॅटूवर सेकंड स्किन फिल्म : नर्सच्या नजरेतून

दंडावर प्राजक्ताची फांदी काढून झाली आणि आर्टिस्टने त्यावर सेकंड स्किनची पारदर्शक फिल्म चिकटवली. वस्तू माझ्या चांगल्याच ओळखीची. वॉर्डात सलाईनच्या सुईवर आम्ही टेगाडर्मसारखी जी पट्टी लावतो, तिच्याच जातीची. पातळ पॉलियुरेथेन, एका बाजूला चिकट. बाहेरचं पाणी आणि जंतू आत शिरत नाहीत, आतली वाफ मात्र बाहेर पडते. घरातली खाणं झाकायची प्लॅस्टिक फिल्म हे काम करत नाही. ती नुसती घाम कोंडते, म्हणून तिच्यावर दिवस काढू नका.

मला फिल्म मनापासून आवडली. ताजा टॅटू म्हणजे सुईने त्वचेत एक-दोन मिलिमीटर खोल केलेली जखमच. जखम उघडी ठेवून वाळवावी असं आपल्याकडे अजून घरोघरी सांगतात. पण जॉर्ज विंटर या संशोधकांनी 1962 मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की फिल्मखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा बरीच लवकर धरते. जाड खपली धरली नाही की ती निघताना शाई जायची भीतीही कमी. शिवाय माझा प्रवास पुण्यातल्या पीएमपी बसच्या गर्दीतला, दिवस जुलैचे आणि युनिफॉर्मची बाही कडक. नुसतं क्रीम लावून गेले असते तर दंडाला सगळा वॉर्ड आणि सगळी बस घासली असती. फिल्ममुळे ड्यूटी नीट झाली, आंघोळही झाली.

पहिल्या रात्री मात्र बघणारा घाबरतो. फिल्मखाली काळसर, पातळ पाणी साचतं, हलवलं की डुचमळतं. त्यात रक्तातला पातळ द्रव, थोडं रक्त आणि जास्तीची शाई असते. टॅटू विरघळलेला नसतो. पू वेगळा असतो : घट्ट, पिवळट-हिरवा, बऱ्याचदा वास येणारा. लाली पसरत चालली, गरम लागतंय, दुखणं वाढतंय किंवा ताप आला, तर फिल्म काढून थेट डॉक्टरांकडे जायचं. आणि साचलेलं पाणी कडेपर्यंत येऊन गळायला लागलं, की ती फिल्म बदललीच पाहिजे. फट पडली म्हणजे जंतूंना वाट मिळाली.

माझ्या आर्टिस्टने पहिला तुकडा 24 तासांनी काढायला लावला. मग बिनवासाच्या साबणाने हलक्या हाताने धुऊन, कोरडं करून दुसरा तुकडा, तो काही दिवस ठेवायचा. तुकडा टॅटूपेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठा हवा. काढताना कोमट पाण्याखाली, कड धरून त्वचेला समांतर ताणत सोडवायचा. वर ओढला तर खाली कोवळी कातडी आहे.

उणेपणा आहेच. क्रीमच्या ट्यूबपेक्षा महाग पडते. कोपर, गुडघ्यासारख्या वाकणाऱ्या जागी कडा लगेच सुटतात. सगळ्यात महत्त्वाचं, काहींना चिकट थराची अ‍ॅलर्जी असते. फिल्मच्या चौकोनाबरहुकूम लाल, खाजरं पुरळ उठतं, मग ती काढण्यावाचून पर्याय नाही. वॉर्डात असे पेशंट मी पाहिलेत. म्हणून टॅटूच्या आधीच दुसऱ्या हातावर छोटा तुकडा लावून बघा.

फिल्म निघाल्यावर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, अगदी पातळ. जाड थर देऊन त्वचा बुजवू नका. आई म्हणाली, "हळद लाव गं, माझ्या आजीच्या गोंदणाला तीच लावलेली." तिची माया कळते, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, ती मी उघड्या जखमेवर लावणार नाही. निओमायसिन हे अँटिबायोटिक असलेलं मलमही मनाने लावू नका, त्याची अ‍ॅलर्जी बऱ्यापैकी आढळते.

नंतर कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, खाज येते. नखं लावायची नाहीत. वरची कातडी भरायला दोन-तीन आठवडे लागतात, आतलं काम त्यानंतरही चालू असतं. तोवर पोहणं बंद आणि उन्हात कपड्याने झाकायचं. सनस्क्रीन पूर्ण भरल्यावरच.

माझी मैत्रीण लवकरच पोटरीवर टॅटू करून घेणार आहे. उरलेल्या फिल्मचा एक तुकडा तिला हातावर लावून बघायला दिलाय.