रात्री ट्रक कुठे लावायचा? सरकारी पाटी, अ‍ॅप, आरक्षण की ट्रकचाच डेटा

पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजतात, खाली दूधवाल्याची स्कूटर थांबते, आणि नेमके तेव्हाच आमच्या टेबलावरचे फोन एकापाठोपाठ एक वाजायला लागतात. उन्हाळ्यात शिकागोला तेव्हा संध्याकाळचे सात झालेले असतात. फोनवर बहुतेक वेळा पंजाबी ड्रायव्हर असतो आणि प्रश्न एकच: "आगे पार्किंग मिलेगा क्या?" अमेरिकेतल्या ट्रक कंपन्यांचं डिस्पॅच, म्हणजे कुठला ट्रक कधी कुठे जाणार ते ठरवायचं काम, इथे बसून रात्रपाळीत सांभाळणाऱ्यांना ही वेळ चांगलीच ओळखीची असेल. पाच-दहा ट्रकांच्या कंपनीने पार्किंग शोधण्यासाठी कशावर भरवसा ठेवावा आणि कशावर पैसे घालावेत, हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा.

आपल्याकडे ड्रायव्हर ढाब्यासमोर गाडी लावतो, डाळ-रोटी खातो आणि खाटेवर आडवा होतो. तिथे घड्याळ मालक असतं. साधारण नियम असा: जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत, आणि मग सलग १० तास विश्रांती. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत ही नोंद ईएलडी नावाचं यंत्र ठेवतं, त्यामुळे कागदी लॉगबुकात चालायचं ते 'थोडं इकडेतिकडे' आता चालत नाही. घड्याळ संपलं आणि जागा नसली, की महामार्गाचा रॅम्प (चढण्या-उतरण्याचा जोडरस्ता) किंवा एखादा अंधारा कोपरा उरतो. २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा ड्रायव्हर साउथ कॅरोलायनात एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक लावून थांबला होता. तिथे लुटारूने त्याचा खून केला. मिळाले सात डॉलर. २०१२ च्या कायद्यात ट्रक पार्किंगसाठी जी तरतूद आली, ती 'जेसन्स लॉ' याच नावाने ओळखली जाते.

याच कायद्याखाली झालेल्या २०१९ च्या पाहणीत देशभरात ट्रकांसाठी सुमारे ३,१३,००० जागा मोजल्या गेल्या. त्यातल्या साधारण ४०,००० सरकारी रेस्ट एरियात, म्हणजे महामार्गालगतच्या विश्रांतीच्या थांब्यांवर, बाकीच्या खासगी ट्रक स्टॉपवर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आता पर्याय. कुठल्याही पर्यायाला मी तीन प्रश्न विचारतो: मोजलं कोणी, कधी मोजलं, आणि कुठल्या वेळेसाठी?

पहिला, सरकारी पाटी. मिशिगन, इंडियाना, ओहायो, केंटकी, आयोवा, कॅन्सस, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या आठ राज्यांनी २.५ कोटी डॉलरच्या केंद्रीय अनुदानाच्या आधाराने एक सामायिक यंत्रणा उभारली. ती २०१९ च्या जानेवारीत सुरू झाली. रेस्ट एरियाच्या काही मैल आधी पाटीवर रिकाम्या जागांचा आकडा दिसतो, आणि तोच डेटा अ‍ॅपवाल्यांनाही उघडा असतो. फुकट आहे, ड्रायव्हरला फोनला हात लावावा लागत नाही. पण मोजणी कशी होते ते पाहा. काही ठिकाणी आत येणारे आणि बाहेर जाणारे ट्रक मोजून वजाबाकी करतात. मोठा कॅम्पर (आत राहायची सोय असलेली सहलीची गाडी) ट्रक म्हणून मोजला गेला किंवा एखादा ट्रक सेन्सरला दिसलाच नाही, की चूक साचत जाते आणि कोणीतरी कॅमेऱ्यात बघून आकडा पुन्हा जुळवावा लागतो. काही ठिकाणी प्रत्येक जागेत सेन्सर असतो. ते जास्त नेमकं, पण दोन जागांच्या मधोमध आडवा लावलेला ट्रक तिथेही हिशेब बिघडवतो. शिवाय पाटी मुख्यतः सरकारी जागांबद्दल बोलते, म्हणजे त्या ४०,००० पैकी काहींबद्दल. आणि आकडा आत्ताचा असतो. आमचा ड्रायव्हर पोचणार चाळीस मिनिटांनी. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात चाळीस मिनिटं म्हणजे युग.

दुसरा, ड्रायव्हरांच्याच खबरीवर चालणारं अ‍ॅप. ट्रकर पाथ हे त्यातलं सर्वांच्या फोनमध्ये असलेलं नाव. जागा भरपूर, थोड्या की फुल्ल, हे तिथे पोचलेला ड्रायव्हर कळवतो. खासगी ट्रक स्टॉपही यात येतात, हा मोठा फायदा. पण व्यावसायिक ड्रायव्हरला चालत्या गाडीत फोन हातात धरायला २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे खबर बहुधा गाडी लावून झालेला माणूस देतो, म्हणजे ज्याला जागा मिळाली तो. दोन फेऱ्या मारून, वैतागून निघून गेलेल्याला कळवायला सवड कुठली? आणि मध्यरात्रीनंतर सगळेच झोपलेले, त्यामुळे दहा वाजताचं 'फुल्ल' पहाटे तीनपर्यंत तसंच लटकत राहतं. गजबजलेल्या महामार्गावर उत्तम, आडरस्त्यावर रामभरोसे.

तिसरा, पैसे देऊन आरक्षण. पायलट, टीए, लव्ह्ज या ट्रक स्टॉपच्या मोठ्या साखळ्या हे देतात. रात्रीचे साधारण १५ ते २५ डॉलर. जागा पक्की, विषय संपला. ड्रायव्हरांचा राग वेगळा आहे: पूर्वी डिझेल भरणाऱ्याला ट्रक स्टॉपवाला जागा द्यायचा, अगदी आपल्या ढाबेवाल्यासारखा, आणि आता त्याच जागेवर दोरी बांधून भाडं घेतो. राग रास्त आहे. तरी हिशेब करून बघा. अमेरिकन ट्रकिंग उद्योगाच्या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये काढलं की जागा जाईल या भीतीने ड्रायव्हर दिवसाची सरासरी ५६ मिनिटं हातात असतानाच गाडी थांबवतो, आणि त्यात वर्षाला सुमारे ४,६०० डॉलरची कमाई बुडते. वर्षाचे २५० दिवस धरले तर रोजचे १८ डॉलर. म्हणजे रोज आरक्षण केलं तर वाचलेलं जवळजवळ तिथेच जातं. अडचणीच्या रात्रीच ते परवडतं.

चौथा पर्याय सध्या सगळ्यात जास्त विकला जातोय: ट्रकच जोडलेला असणं. यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात, तेव्हा सावध.

एक म्हणजे रस्त्याकडेच्या यंत्राशी थेट रेडिओने बोलणारा ट्रक. अमेरिकेने यासाठी १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले. वीस वर्षांत वापर फारसा वाढला नाही म्हणून २०२० मध्ये त्यातले ४५ काढून घेतले आणि उरलेले ३० नव्या तंत्राकडे वळवले. जुन्या तंत्राची यंत्रं बसवणाऱ्यांची पंचाईत झाली. वायोमिंग राज्यात इंटरस्टेट ८० या महामार्गावर याचा प्रयोग झाला. तिथे वाऱ्याने रिकामे ट्रेलर उलटतात आणि बर्फात रस्ताच बंद होतो, तेव्हा पुढचा धोका आधी कळण्याला किंमत आहे. पण हे तंत्र क्षणार्धात टक्कर टाळण्यासाठी घडवलेलं आहे. पार्किंगला इतकी घाई नसते, साधं मोबाइल नेटवर्क पुरतं. निव्वळ पार्किंगसाठी कोणी हे गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

दुसरी गोष्ट खरी कामाची. ट्रकमध्ये आधीच बसवलेल्या जीपीएस यंत्राचा डेटा हजारो ट्रकांतून गोळा करून, अमुक ट्रक स्टॉप मंगळवारी किती वाजता भरतो याचा अंदाज बांधणं, आणि तो ड्रायव्हरच्या उरलेल्या तासांशी जुळवणं. पाटी आणि अ‍ॅप 'आत्ता किती' सांगतात, आरक्षण पैसे घेऊन जागा अडवून ठेवतं. हा 'तू पोचशील तेव्हा किती' सांगायचा प्रयत्न करतो. 'कुठल्या वेळेसाठी?' या माझ्या तिसऱ्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणारा हा एकटाच.

खोट मात्र आहे. विक्रेत्याला त्याच्याच यंत्रांचे ट्रक दिसतात. बाकीचे त्याच्यासाठी अदृश्य. थँक्सगिव्हिंग या तिथल्या मोठ्या सणाच्या आदल्या रात्री किंवा वादळात नेहमीचा अंदाज कोसळतो. आणि 'आमच्याकडे ईएलडी आहे म्हणजे झालंच' हे खरं नाही. कायद्यापुरती ईएलडी चालत्या गाडीचं ठिकाण तासातून एकदा, साधारण मैलभराच्या अचूकतेने नोंदवते. तेवढ्यावर ट्रक पार्किंगमध्ये आहे की शेजारच्या गोदामात, हे कळत नाही. बारीक ट्रॅकिंगचे पैसे वेगळे पडतात. एका विक्रेत्याचा डेमो आम्ही घेतला होता. पडद्यावर हिरवा ठिपका होता, ड्रायव्हर पोचला तर तिथे डांबरीकरण चालू होतं. तो रॅम्पवर झोपला आणि मला दोन दिवस बोलला नाही.

तर काय घ्यायचं? मध्य-पश्चिमेच्या त्या आठ राज्यांतच गाड्या फिरत असतील तर पाटी आणि अ‍ॅप पुरे, खर्च शून्य. शिकागो किंवा अटलांटासारख्या शहराजवळ सातनंतर घड्याळ संपणार असेल तर बिनधास्त आरक्षण करा, आणि ते पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जाऊ देऊ नका. सध्याच्या यंत्राचा विक्रेता अंदाजाची सोय त्याच पैशांत देत असेल तर चालू करा. वेगळे पैसे मागत असेल तर आधी विचारा की माझ्या रस्त्यावर तुमचे किती ट्रक आहेत, सूचना ट्रकच्या केबिनमध्ये आवाजात येते का, आणि माझ्या ट्रकांचा डेटा पुढे कोणाला विकता. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस चहा मागवतो, असा अनुभव आहे.

आमच्या शीटवर सध्या दोन रकाने आहेत: 'रात्रीची जागा' आणि 'ती भरली तर'. शिकागोच्या दुपारी तीनपर्यंत, म्हणजे आमच्या रात्री दीडला, दोन्ही भरायचे. साडेपाचचे फोन अजून येतात, पण आता ड्रायव्हर बहुतेकदा गाडी लावून झाल्यावर करतो.