रामटेकची दिवसभराची गाडी : घ्या, पण मनसर आणि नगरधन आधीच बोलून ठेवा

नागपुरातून रामटेकला दिवसभरासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांबद्दल हा अभिप्राय आहे. गाडी वेळेवर येते, ड्रायव्हरांना रस्ता पाठ असतो, गडावरच्या पार्किंगपर्यंत ते बिनबोभाट नेतात. अडचण ठरलेल्या फेरीची आहे. गडावरचं राममंदिर, कालिदास स्मारक, खिंडसीची बोटिंग आणि परत. रामटेक तालुक्यातल्या सगळ्यांत जुन्या वास्तूंपैकी निम्म्याहून जास्त या फेरीत येतच नाहीत.

आधी भाड्याचं बघा, कारण वाद तिथेच होतो. शहरातलं नेहमीचं पॅकेज 8 तास 80 किलोमीटरचं असतं. रामटेकला नुसतं जाऊन-येऊनच साधारण शंभर किलोमीटर होतात, म्हणजे पहिल्याच फेरीत जादा किलोमीटर लागतात आणि त्यावर जादा तास. उलट, बाहेरगावच्या दराने गाडी घेतली तर रोजच्या किमान किलोमीटरचे, बहुतेक ठिकाणी 250 किंवा 300 चे पैसे भरावे लागतात, गाडी तेवढी धावली नाही तरी. आपली फेरी दीडशेच्या आत बसते. म्हणून 12 तासांचं पॅकेज मागा आणि जादा किलोमीटरचा दर, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता हे सगळं मेसेजवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं संध्याकाळी कुणालाच आठवत नाही.

आता क्रम. सकाळी साडेसहाला निघा आणि कामठी-कन्हानवरून हायवेने थेट मनसर गाठा. 1998 पासून इथे जगत्पती जोशी आणि अ. कि. शर्मा यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं आणि हिडिंबा टेकडीवर वाकाटक या विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याच्या काळातलं विटांचं मोठं मंदिर उघडं पडलं. संशोधक हान्स बाकर यांच्या मते वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याची राजधानी प्रवरपूर ती हीच. इतिहासकार वा. वि. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं मांडलं होतं. वाद बाजूला ठेवला तरी विटांचं काम नीट बघण्याजोगं आहे. जोत्याची भिंत सरळ न जाता कोन घेत पुढे-मागे होते, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोनाड्याची सावली वेगळी पडते. दहानंतर ऊन डोक्यावर आलं की सगळं सपाट दिसतं. विटांच्या कडांवर पाय देऊ नका. भिजून-वाळून आतून पोकळ झालेली वीट एका माणसाच्या वजनानेही सुटते. पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. इथे सापडलेली प्रसिद्ध शिवमूर्ती बघायची असेल तर ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, मनसरला शोधत बसू नका.

मनसरहून रामटेक जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर. गडाला निदान तीन तास द्या, आणि राममंदिराआधी कोटाबाहेरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं बघा. ड्रायव्हर इथे गाडी थांबवत नाहीत, बहुतेक पर्यटक समोरून निघून जातात. पाचव्या शतकातली, बुटकी, सपाट छताची, शिखर नसलेली ही दगडी देवळं महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या सगळ्यांत जुन्या बांधीव मंदिरांपैकी आहेत. गाभारा जवळजवळ भरून टाकणारा, ऐसपैस बसलेला नरसिंह आत शिरताच अंगावर येतो. केवल नरसिंहाच्या मंडपाच्या भिंतीत वाकाटकांचा शिलालेख आहे. अक्षरं झिजलेली आहेत, समोरून मोबाईलचा उजेड टाकला की काहीच दिसत नाही. टॉर्च भिंतीला लागून आडवा धरा, मग खाचांत सावली भरते आणि ओळी वर येतात. हात किंवा कागद घासू नका, पाणी तर अजिबात लावू नका.

पुढे वराहाची अखंड दगडी मूर्ती. तिच्या पोटाखालून सरपटत जाण्याची प्रथा आहे. मूर्तीकडे बघायचं तर गर्दी नसताना. मग भोसल्यांच्या काळातले दरवाजे ओलांडत वर. लक्ष्मण मंदिरातला यादव राजा रामचंद्राच्या काळचा लेख चुकवू नका. चपला काढाव्या लागतात आणि बाराच्या सुमाराला फरशी अक्षरशः भाजते, मोजे सोबत असू द्या. वानरं धीट आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

जेवून नगरधन. गावाला लागून भोसलेकालीन भुईकोट आहे, आत पायऱ्या उतरून जायची विहीर आणि तिथेच जमिनीखाली देवीचं ठाणं. पण नगरधन बघायचं खरं कारण किल्ल्याहून जुनं आहे. वाकाटकांची प्रवरपूरच्या आधीची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं मानलं जातं. डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने इथे केलेल्या उत्खननात शंखाचं चिन्ह असलेला प्रभावतीगुप्ताच्या नावाचा मातीचा ठसा मिळाला. ती गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी. नवरा, वाकाटक राजा रुद्रसेन, लवकर गेल्यावर मुलांच्या वतीने तिने राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे, तर दुसरा, रिद्धपूरचा, रामगिरीस्वामीच्या पायांशी, म्हणजे रामटेकच्या टेकडीवरून. राज्य खाली, देव वर, आणि दोन्हींमध्ये गाडीने काही मिनिटांचं अंतर. एकट्या गडावर जाऊन परतणाऱ्याला हे नातं कळणार कसं?

म्हणूनच ठरलेल्या फेरीला पाचपैकी अडीच, आणि तीच गाडी सांगून-सवरून या क्रमाने नेली तर साडेचार. अर्धा गुण कापला तो माहितीसाठी: ड्रायव्हर गाईड नसतो आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. खिंडसी गाळायला हरकत नाही. वेळ उरलाच तर गडाच्या पायथ्याची कपूर बावडी ही जुनी पायविहीर बघा, बोटिंगपेक्षा ती कितीतरी मोलाची. परतीला त्याच रस्त्याने न जाता नगरधनहून मौद्याकडे उतरा आणि भंडारा रोडने नागपूर गाठा. बुकिंग करतानाच हा रस्ता सांगितला तर किलोमीटरवरून कुरबुर होत नाही.