जादुई वास्तववादातलं पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं: मार्केज, रुल्फो, अयेंदे की रश्दी?

जादुई वास्तववाद वाचायचाय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की बहुतेक जण डोळे झाकून कोलंबियाच्या गाब्रिएल गार्सिया मार्केजचं 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' सांगतात. विचारणारा ते घेतो, पहिली पन्नास-साठ पानं भारावल्यासारखी वाचतो, मग कुठला आउरेलियानो कुणाचा मुलगा आणि हा होसे आर्कादियो आधीचा की नंतरचा यात अडकतो आणि पुस्तक कपाटात जाऊन बसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण एकदा असं झालं की माणूस पुन्हा या प्रकाराकडे वळत नाही, आणि तो कितीतरी मोठ्या गोष्टीला मुकतो. म्हणून चार पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघूया: मार्केजचं ते, हुआन रुल्फोचं 'पेद्रो पारामो', इसाबेल अयेंदेचं 'द हाउस ऑफ द स्पिरिट्स' आणि आपल्या मुंबईचं, रश्दीचं 'मिडनाइट्स चिल्ड्रन'. मराठी माणूस ही साधारणपणे इंग्रजीतूनच वाचतो, तेच धरून बोलतोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, नाहीतर अपेक्षा चुकीच्या राहतात. जीएंच्या 'रमलखुणा'मधलं 'प्रवासी' किंवा 'इस्किलार' वाचलेलं असेल तर वाटेल की असंच काहीतरी असणार. तसं नाहीये. तिथला प्रदेशच आपल्या जगाबाहेरचा आहे, आत शिरताना आपण नियम बदलणार हे धरून चालतो. इथे उलट, गाव साधं, घर साधं, स्वयंपाकघरात कोणीतरी पीठ मळतंय आणि त्यातच अशक्य गोष्ट घडते आणि कोणीही भुवई उंचावत नाही. तळकोकणात आरवलीला वेतोबाला भलेमोठे चामड्याचे जोड वाहतात, देव रात्री ते घालून फिरतो आणि जोड झिजतात, हे सांगणारा माणूस जितक्या सहज सांगतो, आवाज न चढवता, डोळे मोठे न करता, तोच सूर. मार्केजने स्वतः सांगून ठेवलंय की हा सूर त्याला त्याच्या आजीकडून मिळाला, ती असल्या गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची. हा सूर कानात बसला की निम्मं काम झालं. आणि चारही पुस्तकांत तो सारखा लागत नाही, म्हणूनच निवडायला लागतं.

मार्केजच्या पुस्तकात तो सगळ्यात शुद्ध लागतो. 1967 साली ब्युनॉस आयर्सला छापलं गेलं, ग्रेगरी राबासाचं इंग्रजी भाषांतर 1970 चं, आणि ते भाषांतर इतकं चांगलंय की बिनधास्त घ्या. माकोंदो नावाचं गाव, बुएंदिया घराण्याच्या सात पिढ्या, कर्नल आउरेलियानो बुएंदिया जो बत्तीस बंडं करतो आणि बत्तीसही हरतो. पण मी कोणाला हे पुस्तक पटवून देताना एकच प्रसंग सांगतो. थोरला मुलगा होसे आर्कादियो त्याच्या घरी गोळी लागून मरतो आणि त्याच्या रक्ताची एक धार दाराखालून बाहेर पडते, रस्त्याने जाते, पायऱ्या चढते उतरते, कोपऱ्यावर वळते, बुएंदियांच्या घरात शिरते, बैठकीच्या खोलीत गालिचा खराब होऊ नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने जाते, गणित शिकवत बसलेल्या अमारांताच्या खुर्चीखालून कोणाच्या लक्षात न येता सरकते आणि स्वयंपाकघरात पोचते, जिथे आई उर्सुला पावासाठी छत्तीस अंडी फोडायच्या तयारीत आहे. गालिचा खराब होऊ नये म्हणून! मेलेल्या मुलाचं रक्तही आईच्या घरात शिस्तीत वागतं. आणि छत्तीस, 'बरीचशी' नाही. पाऊस पडतो तोही चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस. आकडा इतका नेमका असतो की खोटं म्हणायला जागाच उरत नाही.

बाकी नावांची अडचण खरीच आहे, ती कोणी नाकारू नये. पुस्तकाच्या सुरुवातीला वंशवृक्ष दिलाय, त्या पानात बुकमार्क ठेवा आणि पाठ करायचा प्रयत्न करू नका. नावं परत परत येतात ती मुद्दामच येतात, आजोबाचा हट्ट नातवात आणि पणतूत उतरलेला दिसावा म्हणून, त्यामुळे थोडा गोंधळ झाला तरी काही बिघडत नाही. अजून एक, लहानग्या रेमेदिओसचं लग्न वगैरे भाग आज वाचताना चांगलाच टोचतो, तयारी असू द्या.

आता 'पेद्रो पारामो'. सव्वाशे पानांच्या आसपास, 1955 चं, मेक्सिकोचं. पातळ आहे म्हणून लोक याच्यापासून सुरू करतात आणि माझं सगळ्यात ठाम मत इथेच आहे: करू नका. चौघांत हे सगळ्यात अवघड आहे. प्रकरणं नाहीत, नुसते तुकडे, एका तुकड्यात मुलगा बोलतोय तर पुढच्यात चाळीस वर्षांपूर्वीचा बाप, आणि कोण बोलतंय हे रुल्फो सांगत नाही. आईला मरताना वचन दिलं म्हणून हुआन प्रेसियादो कधी न पाहिलेल्या बापाला शोधायला कोमाला गावी येतो. वाटेत आबुंदिओ नावाचा खेचरवाला भेटतो, तोही म्हणतो की मीपण पेद्रो पारामोचाच मुलगा. गावात एदुविहेस नावाची बाई उतरायला जागा देते, हा सांगतो आबुंदिओने पाठवलं, ती म्हणते तो तर बहिरा झाला होता, हा म्हणतो छे, त्याला सगळं नीट ऐकू येत होतं, तर ती म्हणते मग तो नसेल, आणि तसंही आबुंदिओ मेलाय. पुढे दुसरी बाई येऊन सांगते की एदुविहेसही मेलीये. मग हा त्या दुसरीलाच विचारतो की बाई, तू तरी जिवंत आहेस का, आणि बघतो तर आजूबाजूला कोणी नाही. (इथून पुढच्या ओळीत कथेतला मोठा धक्का सांगतोय, नको असेल तर पुढच्या पॅराला जा.) अर्ध्यावर येईपर्यंत हुआन स्वतःच मेलेला असतो आणि थडग्यात शेजारच्या बाईशी गप्पा मारत उरलेली गोष्ट ऐकत असतो.

हे दोनदा वाचायचं पुस्तक आहे, पहिल्यांदा हरवायचं आणि लगेच दुसऱ्यांदा उलगडायचं. मार्केजला ते 1961 मध्ये मेक्सिकोत त्याच्या मित्राने, आल्वारो मुतिसने, आणून दिलं आणि त्या रात्री दोनदा वाचून होईपर्यंत त्याला झोप आली नाही असं त्यानेच लिहिलंय. म्हणजे माकोंदो उभं राहण्याआधी कोमाला होतं. तरीही वाचायच्या क्रमात मी ते दुसरं ठेवतो, कारण सूर आधी ओळखीचा झालेला असला की इथली शांतता ऐकू येते. मार्केजकडे गर्दी आहे, पाऊस आहे, फुलपाखरं आहेत. रुल्फोकडे नुसती ऊन खाल्लेली माती आणि कुजबुज. गावाचा जमीनदार रागावून हाताची घडी घालून बसतो आणि तेवढ्याने गाव उपाशी मरतं, ही जादू म्हणायची की जमीनदारी? आपल्याकडे ज्यांनी गाव रिकामं होताना बघितलंय त्यांना या पुस्तकात काही समजावून सांगावं लागणार नाही. इंग्रजीत 1994 चं मार्गारेट सेयर्स पेडनचं भाषांतर आहे आणि 2023 चं डग्लस वेदरफर्डचं नवीन, दोन्ही चालतील.

अयेंदेचं पुस्तक सोपं आहे आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. 1981 च्या 8 जानेवारीला काराकासमध्ये, देशाबाहेर असताना, चिलीत मरणाला टेकलेल्या आजोबांना पत्र म्हणून तिने लिहायला घेतलं आणि त्याची कादंबरी झाली, 1982 मध्ये आली. क्लारा लहानपणीच भविष्य सांगते, मिठाची बरणी हात न लावता हलवते, तिची बहीण रोसा हिरव्या केसांची. घरातली पात्रं आटोपशीर, नावं वेगवेगळी, गोष्ट सरळ रेषेत, रात्री दोन पानं म्हणून उघडलं की चाळीस होतात. अनेकांचा आक्षेप असा की ही मार्केजची नक्कल आहे, आणि सुरुवातीचा भाग वाचताना तो आक्षेप पटतो. पण पुढे बघा काय होतं. क्लारा जाते तशी घरातली जादू विरत जाते आणि 1973 चं लष्करी बंड येतं तेव्हा काहीच अलौकिक उरलेलं नसतं, फक्त अटक, अंधारी कोठडी आणि छळ. देशाचं नाव कुठेही घेतलेलं नाही पण चिली आहे हे उघड आहे, राष्ट्राध्यक्ष साल्वादोर अयेंदे हा तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. ही गोष्ट मार्केजमध्ये नाही, जादू संपल्यावर माणसं कशी जगतात ती. इथे बलात्कार आणि छळाची वर्णनं आहेत, हलकंफुलकं समजून कोणाला भेट देऊ नका.

राहिलं 'मिडनाइट्स चिल्ड्रन'. 1981 चं बुकर, पुढे 1993 ला आणि 2008 ला बुकर मिळालेल्या पुस्तकांतलं सर्वोत्तम म्हणूनही निवडलं गेलं. 15 ऑगस्ट 1947 च्या ठोक्याला मुंबईत जन्मलेला सलीम सिनाई, त्या पहिल्या तासात देशभर जन्मलेली 1001 मुलं आणि प्रत्येकाला काहीतरी शक्ती. ओळखीचं आहे म्हणून सोपं जाईल असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. रश्दी शांत सुरात सांगतच नाही, तो सतत बोलतो, थांबतो, मागे जातो, लोणच्याच्या कारखान्यात बसून पद्माला गोष्ट सांगतोय आणि पद्मा वैतागून म्हणतेय की अरे जन्माला तरी ये एकदा. गांधीहत्येची तारीख चुकवतो आणि चुकवली हे कबूल करूनही दुरुस्त करत नाही. इंग्रजी दमवणारं आहे, वाक्यं पानभर पळतात. मार्केजचा कथेकरी सगळं माहीत असल्यासारखा बोलतो तर सलीम स्वतःवरच विश्वास ठेवू नका म्हणतो, हा फरक फार मोठा आहे.

पण मराठी वाचकाला यात जे मिळतं ते बाकी तिघांत मिळणार नाही. वॉर्डन रोड, ब्रीच कँडी, आणि 1950 च्या दशकातले भाषावार प्रांतासाठीचे मोर्चे. सलीम सायकलवरून घरंगळत थेट संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घुसतो, मोर्चेकरी त्याला गुजरातीत काहीतरी बोल म्हणतात, तो गुजरातीची टिंगल करणारं एक शाळकरी यमक म्हणतो, मोर्चा तेच उचलतो, समोरून महागुजरातवाले येतात आणि दंगल पेटते. मग सलीम म्हणतो की मुंबई राज्याची फाळणी माझ्यामुळे झाली. हुतात्मा चौकावरून जाताना ज्यांना अजून आत काहीतरी हलतं त्यांना हे वाचून राग येऊ शकतो, मला स्वतःला ती जागा खटकते, एवढा लढा एका पोराच्या सायकलवर आणून ठेवला म्हणून. तरी पुढे आणीबाणीतल्या नसबंदीच्या प्रकरणांपर्यंत पोचलात की लक्षात येतं की त्याची खरी मांडणी काय आहे, देशाच्या प्रत्येक मोठ्या घटनेचा घाव एका शरीरावर पडतोय.

आणि इथे चौघांना जोडणारी गोष्ट दिसते, जी मला निवडीच्या दृष्टीने पानांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची वाटते. जादू जिथे येते तिथे जवळपास कुठेतरी लपवलेलं काहीतरी असतं. कोलंबियात 1928 च्या डिसेंबरमध्ये सिएनागाला युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी केळी कामगारांवर सैन्याने गोळीबार केला, किती मेले यावर आजही एकमत नाही. मार्केजच्या कादंबरीत तीन हजारांवर प्रेतं आगगाडीत भरून समुद्राकडे नेतात, त्यातून वाचलेला एक जण गावात येऊन सांगतो आणि सगळे म्हणतात इथे काहीच झालं नाही. माणूस आकाशात गेला यावर ज्या गावाने विश्वास ठेवला ते गाव कत्तलीवर विश्वास ठेवत नाही. हे पान वाचताना अंगावर काटा येतो आणि तिथून पुढे 'जादू म्हणजे गंमत' हा समज कायमचा जातो. म्हणून स्वतःला विचारा की तुम्हाला कुठला इतिहास जवळचा वाटतो: कंपनी आणि कामगार, रिकामं झालेलं गाव, हुकूमशाहीतलं घर, की आपला स्वतःचा देश.

माझा सल्ला विचाराल तर असा. इंग्रजी कादंबऱ्यांची फारशी सवय नसेल किंवा बऱ्याच दिवसांनी वाचन सुरू करत असाल तर अयेंदे घ्या, पूर्ण होईल याची जवळपास खात्री. सवय आहे आणि दोन-तीन आठवडे रोज तासभर देऊ शकता तर सरळ मार्केज, कारण जे पहिल्यांदा वाचताना होतं ते त्याच्याकडून झालेलं सगळ्यात बरं. कविता वाचणारे असाल, अर्धवट कळलेलं सोबत घेऊन राहायला आवडत असेल, तर मात्र माझा वरचा नियम मोडून रुल्फो आधी घ्या. रश्दी मी कोणालाच पहिला देत नाही, तिसरा किंवा चौथा.

मुराकामी वाचून इकडे येणाऱ्यांना रुल्फो जास्त जवळचा वाटेल, तीच एकटेपणाची हवा आहे. आणि टोनी मॉरिसनचं 'बिलव्हेड' (1987) राहिलं का असं विचाराल तर ते मुद्दाम वेगळं ठेवलंय. गुलामीतून पळालेल्या आईचं आणि तिने मारलेल्या मुलीचं ते पुस्तक आहे, सिनसिनाटीच्या एका घरात ती मुलगी परत येते. मार्गारेट गार्नर नावाच्या बाईची 1856 ची खरी घटना त्यामागे आहे, आणि ते 'प्रकार समजून घ्यायला' म्हणून वाचू नये, मन स्थिर असताना एकटं वाचावं.

नेटफ्लिक्सवर 2024 मध्ये मार्केजची सीरिज (पहिला भाग, आठ एपिसोड) आणि 'पेद्रो पारामो'चा सिनेमा दोन्ही आलेत, दोन्ही स्पॅनिशमध्येच, सबटायटल लावून बघता येतात. सीरिज पुस्तकाची शंभरेक पानं झाल्यावर सुरू केली तर चेहरे लक्षात राहतात आणि नावांचा घोळ बराच कमी होतो. पेद्रो पारामोचा सिनेमा मात्र पुस्तक संपल्यावरच बघा, कोण जिवंत आणि कोण मेलेलं हे पडद्यावर आधी बघितलं तर पुस्तकात शोधायला फार कमी उरतं.