विद्यापीठाचा इतिहास जपायला डीस्पेस की ओमेका एस?

स्कॅनर आला आहे, थोडा निधी मंजूर झाला आहे आणि सुवर्णमहोत्सव किंवा अमृतमहोत्सव तोंडावर आहे. अशा ग्रंथालयात हा प्रश्न निघतोच: स्कॅन केलेले कागद आणि फोटो नोंदींसह साठवून लोकांना दाखवायला डीस्पेस आणि ओमेका एस या दोन संगणक प्रणालींपैकी कोणती घ्यायची? आमच्याकडेही निघाला. दोन्ही प्रणाली आम्ही खऱ्या सामग्रीवर चालवून पाहिल्या आणि मग एक ठरवली. डब्लिन कोअर (नोंदींच्या रकान्यांचा प्रमाण संच) म्हणजे काय, मास्टर प्रत (मूळ स्कॅन) टिफ या चित्र-फाइलीच्या प्रकारात का ठेवायची, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो. दोन्ही मोफत आहेत, दोन्ही मुक्त स्रोत आहेत, तेव्हा त्या मुद्द्यावर अडायचं कारण नाही.

कोणती प्रणाली कुणी आणि कशासाठी बनवली, ते मात्र आधी पाहावं. डीस्पेस 2002 साली एमआयटीची ग्रंथालयं आणि एचपी यांनी मिळून आणलं. शोधनिबंध, प्रबंध, अहवाल नीट साठवून कायम उपलब्ध ठेवणं हा त्यामागचा हेतू. विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राची शोधगंगा, म्हणजे देशभरच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा, त्यावरच उभी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथपालांचा हात त्यावर बसलेला असतो. ओमेका आलं ते 2008 साली, जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांच्या केंद्रातून, आणि ओमेका एस 2017 साली. त्यांच्या डोळ्यांसमोर वस्तू, छायाचित्रं आणि प्रदर्शनं होती.

आता आपल्या कपाटात काय आहे ते बघा. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेत जातातच. उरतात ती अधिसभेची इतिवृत्तं, दीक्षान्त समारंभाच्या पुस्तिका, वार्षिकांक, वसतिगृहाचे अल्बम, गॅदरिंगच्या कॅसेटी, विद्यार्थी आंदोलनांची पत्रकं, पहिल्या इमारतींचे नकाशे. प्रबंध एकटा उभा राहू शकतो. समारंभाचा फोटो मात्र त्या दिवशीच्या भाषणाशी, पुस्तिकेशी आणि त्यातल्या माणसांशी जोडला गेला नाही तर जवळजवळ मुका राहतो.

आमचा निर्णय ज्यावरून झाला ती गोष्ट दिसायला लहान आहे: एक रकाना. अनावरणाचा एखादा कृष्णधवल फोटो डोळ्यांसमोर आणा. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे उभे प्राध्यापक, कडेला गणवेशातला शिपाई. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली दोन-तीन आडनावं. ही माणसं त्या फोटोची लेखक नव्हेत. विषय म्हणावं तर तेही नीट बसत नाही. ‘वर्णन’मध्ये टाकली तर परिच्छेदात बुडून जातात. त्यांच्यासाठी ‘फोटोत कोण, डावीकडून’ असा वेगळा रकाना हवा.

डीस्पेसमध्ये (7 किंवा त्यापुढच्या आवृत्तीत) हा रकाना आणायचा तर आधी मेटाडेटा रजिस्ट्रीत, म्हणजे रकान्यांच्या यादीत, नोंद करायची. ती पडद्यावरून होते. नोंद भरण्याच्या फॉर्ममध्ये तो दिसावा म्हणून सर्व्हरवरच्या एक्सएमएल फाइलमध्ये (मांडणी ठरवणाऱ्या सांकेतिक मजकुरात) बदल करायचा आणि सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची. वाचकाला मुख्य पानावर धड नावाने दिसावा म्हणून अँग्युलर या वेब-तंत्रातल्या साच्यात हात घालायचा आणि सगळा इंटरफेस, म्हणजे वाचकाला दिसणारी पानं, नव्याने बिल्ड करायचा. पूर्ण नोंदीच्या पानावर तो आपोआप येतो, पण सांकेतिक नावाने, जे सामान्य वाचकाला कळणं कठीण. जाणकार माणूस शेजारी बसलेला असेल तर यात अवघड काही नाही. पण बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या इमारतीत असतो आणि परीक्षांच्या निकालात गुंतलेला असतो. शिवाय जुन्या सामग्रीत कोणते रकाने लागतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक नवी पेटी उघडली की नवी गरज निघते. कधी कॅसेटची बाजू, कधी नकाशाचा गट क्रमांक, कधी देणगीदाराची अट. दर वेळी अर्ज करून वाट पाहायची म्हटलं की माणसं कंटाळतात आणि सगळं पुन्हा ‘वर्णन’मध्ये कोंबायला लागतात. आमच्याकडे नेमकं हेच होऊ लागलं होतं.

ओमेका एसमध्ये हेच काम ब्राउझरमध्ये होतं. फोटोंसाठी एक साचा करायचा, त्यात एफओएएफ या माणसांविषयीच्या तयार शब्दसंचातला ‘डिपिक्ट्स’ (‘यात कोण दिसतं’) हा गुणधर्म घ्यायचा, त्याला मराठी लेबल द्यायचं आणि खाली भरणाऱ्यासाठी सूचना लिहायची. नोंदी करणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी हा साचा स्वतःच केला, आणि पुढच्या पेटीसाठी दुसरा. माझ्या मनाचा कौल तिथेच पडला.

दुसरा फायदा नंतर लक्षात आला, पण आता मला तोच मोठा वाटतो. या रकान्यात नुसतं नाव लिहायचं नसतं, त्या व्यक्तीच्या नोंदीशी जोडणी करता येते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू कुठे बॅ. जयकर, कुठे डॉ. मु. रा. जयकर, तर कुठे मुकुंदराव जयकर असे सापडतात. व्यक्तीची नोंद एकच ठेवली की तिन्ही कागद तिच्या पानावर एकत्र येतात.

संस्थांची नावं बदलतात तेव्हा तर हे फारच उपयोगी पडतं. औरंगाबादचं विद्यापीठ 1958 साली मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि 14 जानेवारी 1994 रोजी त्याचा नामविस्तार झाला. मधल्या काळातली पत्रकं, ठराव, निवेदनं यांत कोणतं नाव वापरलं आहे, हाच तर इतिहास आहे. ते कागदावर होतं तसंच नोंदवायचं आणि जोडणी मात्र एकाच संस्थेशी करायची, हे इथे सहज जमतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचं घ्या. ते आधी मुंबई विद्यापीठाकडे होतं, 1949 नंतर पुण्याकडे आणि 1962 नंतर शिवाजी विद्यापीठाकडे. एका कॉलेजचे कागद तीन विद्यापीठांत पसरलेले, तेव्हा जोडणीशिवाय शोधणाऱ्याचा निभाव लागत नाही. डीस्पेस 7 पासून तिथेही व्यक्ती आणि संस्था वेगळ्या ठेवता येतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्या जोडण्यांची रचनाही एक्सएमएल फाइलमध्येच करावी लागते, म्हणजे फिरून त्याच दाराशी.

डीस्पेस कुठे सरस आहे तेही सांगतो. फाइल काळाच्या ओघात बिघडली नाही ना, हे चेकसम (फाइलीवरून काढलेला ओळख-आकडा) ताडून ठरावीक वेळाने तपासायची सोय त्यात अंगचीच आहे. हँडल या ओळख-क्रमांकामुळे प्रत्येक नोंदीला इंटरनेटवर कायमचा पत्ता मिळतो. अमुक तारखेपर्यंत बंद ठेवा, अमुक गटालाच दाखवा, हे नीट सांभाळलं जातं. ओमेका एसमध्ये मूळ सोय सार्वजनिक किंवा खासगी एवढीच आहे, बाकी मॉड्यूल, म्हणजे वरून जोडायचे भाग, शोधावी लागतात. ओएआय-पीएमएच, म्हणजे इतर प्रणालींना आपल्या नोंदी आपोआप उचलता याव्यात अशी पद्धत, त्यासाठीही मॉड्यूल लागतं. तुमच्याकडे अजून बाहेर न काढता येणारी इतिवृत्तं किंवा सेवापुस्तकं जास्त असतील, तर मी तुम्हाला ओमेकाचा आग्रह करणार नाही. सर्व्हरच्या बाबतीत उलट आहे. ओमेका एस पीएचपी आणि मायएसक्यूएल या सर्रास मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भाड्याच्या साध्या होस्टिंगवरही चालतं. डीस्पेसला जावा, सोलर, पोस्टग्रेस आणि इंटरफेससाठी नोड हा सगळा संसार लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही.

एका बाबतीत दोन्हींकडून फार अपेक्षा नको. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी स्मरणिका श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या असतात. त्यांच्या पीडीएफमधून मजकूर काढला तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला येतो. शोधपेटीत ‘दीक्षान्त’ लिहिलं तर काहीच हाती लागत नाही. अशा पीडीएफची पानं चित्र म्हणून काढून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरच्या मराठी ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करण्याच्या सोयीतून) न्यायची आणि मगच प्रणालीत चढवायची. एक्सेलमधून नोंदी आणताना सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) यूटीएफ-8 या युनिकोड रूपात जतन केली आहे ना तेही बघा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

थोडक्यात मला काय वाटतं ते सांगायचं तर, विभागांचे लेख, अहवाल आणि प्रबंधच मुख्य असतील आणि तांत्रिक हात कायम हाताशी असेल, तर डीस्पेस घ्या. फोटो, पत्रकं, आठवणी आणि माणसं जपायची असतील, नोंदी करणारे दोघं-तिघं ग्रंथालयातलेच असतील, तर माझं मत ओमेका एसकडे झुकतं. मास्टर प्रती मात्र दोन्हींच्या बाहेर, किमान दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. आणि प्रणालीचं कुठलंही ठरो, सर्वांत जुना अल्बम घेऊन निवृत्त अधीक्षक, शिपाई आणि प्राध्यापकांकडे आत्ताच जाऊन बसा. नावांचा तक्ता साध्या एक्सेलमध्ये करा. तो पुढे कुठेही चढवता येतो.